लिंबू-संत्र्याच्या वासाची सुगंधी तेलं: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बचत गटांच्या बायका आमच्याकडे साबण आणि केसांची तेलं करायला शिकतात. त्यांचे, होमस्टे चालवणाऱ्यांचे आणि लहान मुलांच्या आयांचे फोन वर्षभर चालू असतात, आणि त्यातले बरेच प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. सुगंधी तेल म्हणजे इथे इसेन्शियल ऑइल, झाडाच्या सालीतून किंवा पानांतून काढलेलं वासाचं अर्क-तेल. नुसता कृत्रिम सेंट नव्हे. आजारावरचे उपचार या पानावर मिळणार नाहीत.

१. लिंबाच्या वासाची इतकी तेलं दुकानात दिसतात. ही सगळी लिंबाचीच का?

नाही. ढोबळमानाने दोन घराणी धरा. पहिलं सालीचं: संत्रं, मोठं पिवळं लेमन, आपलं कागदी लिंबू, ग्रेपफ्रूट आणि बर्गमॉट. या फळांच्या सालीवर बारीक ठिपके दिसतात ना, त्या तेलाच्या पिशव्या. साल दाबून, बहुधा उष्णता न देता, त्यातलं तेल काढतात. संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं द्रव्य असतं, लेमनच्या तेलात साधारण दोन तृतीयांश. बर्गमॉट मुख्यतः इटलीच्या कालाब्रियात पिकतं. अर्ल ग्रे चहाचा वास त्याचाच. त्यात लिमोनीन बरंच कमी आणि लव्हेंडरमध्येही असणारं लिनालिल अॅसिटेट भरपूर, म्हणून तो वास मऊ लागतो.

दुसरं घराणं गवताचं आणि पानांचं: गवती चहा, त्याचा भाऊबंद सिट्रोनेला, आणि लेमन निलगिरी. यांचं लिंबाशी कुळाचं काहीच नातं नाही. पण गवती चहाच्या तेलात ७० ते ८० टक्के सिट्राल असतं, आणि लेमनच्या तेलाला लिंबाचा खरा वास देणारंही सिट्रालच, जरी तिथे ते दोन-तीन टक्केच असतं. म्हणून नाकाला दोन्ही जवळची वाटतात. सिट्रोनेला आणि लेमन निलगिरीत मुख्य काम सिट्रोनेलालचं. त्यांचा वास साबणाकडे झुकतो.

२. वास सारखाच येतो, मग लिंबाऐवजी स्वस्तातलं गवती चहाचं तेल वापरलं तर काय बिघडलं?

फरशी पुसायच्या पाण्यात वापरलंत तर काही बिघडत नाही. अंगाला लावायचं असेल तर मात्र बरंच बिघडू शकतं. या पानावरची निम्मी उत्तरं या एकाच मुद्द्यावर उभी आहेत, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

गवती चहाच्या तेलातलं सिट्राल कातडीला चढू शकतं. म्हणजे काही वेळा लावून काहीच होत नाही, आणि मग एके दिवशी खाज, लाली, पुरळ सुरू होतं. एकदा अशी अॅलर्जी बसली की ती बहुधा जन्मभराची, आणि मग सिट्राल असलेल्या साबण-शाम्पूनेही त्रास होतो. थंड दाबाने काढलेल्या लेमन, कागदी लिंबू आणि बर्गमॉटच्या तेलांची अडचण वेगळी: ती उन्हात भाजतात (प्रश्न ६). साध्या गोड संत्र्याचं तेल उन्हाच्या बाबतीत निर्धोक, पण शिळं झालं की तेही कातडीला चावतं (प्रश्न १३). तेव्हा वासावरून प्रमाण ठरवू नका. झाड कोणतं आणि तेल काढलं कसं, हे बघून ठरवा.

३. बाटली घेताना नेमकं काय बघायचं?

झाडाचं शास्त्रीय नाव, तेल काढायची पद्धत, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख. नुसतं ‘लेमन ऑइल’ लिहिलंय आणि बाकी काही नाही, तर ती बाटली ठेवून द्या. कागदी लिंबाच्या बाबतीत पद्धत फार महत्त्वाची, कारण ते दाबूनही काढतात आणि वाफेवरही, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. मोठ्या प्रमाणात घेणार असाल तर विक्रेत्याकडे त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल (तेलात कोणती द्रव्यं किती आहेत, हे सांगणारा प्रयोगशाळेचा कागद) मागा. चांगला विक्रेता तो देतो.

कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. खोबरेल किंवा दुसरं जड तेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो, हे खरं. पण थंड दाबाच्या सालीच्या तेलात मुळातच थोडं मेण आणि रंग असतो, त्यामुळे शुद्ध तेलाचाही फिकट पिवळा ठिपका राहू शकतो. तेवढ्यावरून विक्रेत्याला खोटं पाडू नका.

४. खोबरेलात किती थेंब घालायचे?

बाटलीच्या नळीप्रमाणे १ मिलीत २० ते ३० थेंब बसतात. हिशोब २० ने करा, म्हणजे चूक झाली तरी कमीकडेच होते. ३० मिली खोबरेलात १ टक्का म्हणजे ०.३ मिली, साधारण ६ थेंब.

मोठ्या माणसाच्या अंगाला संत्र्याचं तेल १ ते २ टक्के चालतं. चेहऱ्याला अर्धा ते एक टक्का पुरे. गवती चहाचं तेल ०.७ टक्क्याच्या वर नेऊ नका. म्हणजे ३० मिलीत ४ थेंब, बस. उन्हात भाजणाऱ्या तेलांचे आकडे प्रश्न ६ मध्ये आहेत. विकायला माल करत असाल तर थेंब सोडा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या.

सुगंधी तेल नुसतं, काही न मिसळता, कातडीवर कधीही लावायचं नाही. ‘एकच थेंब’ सुद्धा नाही.

५. आधी लावून बघायचं म्हणजे कसं?

वापरणार त्याच प्रमाणात मिसळलेलं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावा, पट्टी चिकटवा, २४ तास भिजू देऊ नका. खाज किंवा लाली दिसली तर खोबरेलाने पुसून साबणाने धुवा आणि ते तेल सोडून द्या. पट्टी काढल्यावर आणखी एक दिवस वाट बघा, कारण अॅलर्जी उशिरा दिसते.

६. लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर डाग पडतात म्हणे. खरं का?

खरं आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी याची सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी. साल दाबून काढलेल्या काही तेलांमध्ये फुरानोकुमारीन गटातली द्रव्यं असतात. बर्गाप्टेन हे त्यातलं मुख्य. ती कातडीत मुरलेली असताना उन्हातले यूव्हीए किरण पडले की कातडी भाजते. ही अॅलर्जी नव्हे, त्यामुळे प्रश्न ५ मधल्या चाचणीत ती कळणार नाही. कोणालाही होऊ शकतं, पहिल्याच वेळी होऊ शकतं.

लगेच काही दिसत नाही, तिथेच माणूस फसतो. दुसऱ्या दिवशी लाली आणि जळजळ, दोन-तीन दिवसांत कधी फोड, आणि नंतर तपकिरी डाग. तेल जिथून ओघळलं तिथे डागाचीही तशीच धार दिसते. हे डाग आठवडे, कधी महिने राहतात.

अंगावर राहणाऱ्या तेलात किंवा क्रीममध्ये सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा अशी: बर्गमॉट ०.४ टक्के, दाबून काढलेलं कागदी लिंबू ०.७, कडू संत्रं १.२५, दाबून काढलेलं लेमन २, ग्रेपफ्रूट ४. यापेक्षा जास्त लावलंत तर किमान १२ तास त्या भागावर ऊन पडू देऊ नका. मी तर सांगेन, पूर्ण दिवस झाकूनच ठेवा. ढगाळ हवेवर विसंबू नका. यूव्हीए ढगांतून येतात आणि गाडीच्या बाजूच्या काचेतूनही बरेच येतात. होडीवर किंवा वाळूत असाल तर पाण्यावरून आणि वाळूवरून परतलेलं ऊनही धरा.

गोड संत्रं आणि मँडरिन यांना हा धोका नाही. वाफेवर काढलेलं कागदी लिंबू किंवा लेमन यांनाही नाही, कारण ती जड द्रव्यं वाफेबरोबर वर येत नाहीत. बर्गमॉटचा वास हवाच असेल तर बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल मिळतं; लेबलवर एफसीएफ लिहिलेलं असतं. साबण, शाम्पू यांसारख्या धुऊन जाणाऱ्या वस्तूंना या मर्यादा लागू नाहीत.

७. मी तेलाला हातही लावला नाही. बीचवर लिंबू सरबताचा स्टॉल आहे, तरी बोटांवर काळे डाग का?

कारण तेच, फक्त बाटलीऐवजी फळातून आलेलं. कागदी लिंबू पिळताना सालीचं तेल आणि रस बोटांवर उडतो आणि तुम्ही दिवसभर उन्हात असता. पाण्यात नुसते हात बुचकळून ते जात नाही, साबण लावावा लागतो. लाकडी पिळणी वापरा, मधूनमधून साबणाने हात धुवा आणि लिंबं कापायचं काम सावलीत करा. फोड आले असतील तर ते फोडू नका, डॉक्टरांना दाखवा आणि ‘लिंबाचं काम करते’ हे आवर्जून सांगा, नाहीतर चटका किंवा नायटा समजून भलतंच मलम मिळतं.

८. कोमट पाण्यात लेमनच्या तेलाचे दोन थेंब टाकून प्यायलं तर चरबी कमी होते का?

नाही, आणि पिऊ नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि जसंच्या तसं तोंडाला, घशाला, जठराला लागतं. सरबताला लिंबू पिळा. सी जीवनसत्त्व रसात असतं, सुगंधी तेलात नसतं. आंघोळीच्या बादलीत थेट थेंब टाकण्यालाही हेच लागू. तरंगणारं तेल नेमकं नाजूक जागी चिकटतं. आंघोळीला वास हवा असेल तर आधी द्रव साबणात मिसळा.

९. मासे साफ केल्यावर हाताचा वास जावा म्हणून लिंबाचं तेल चोळलं, तरी वास राहतोच. तेल भेसळीचं आहे का?

तेल चांगलं असेल, काम चुकीचं दिलंय. माशाचा वास मुख्यतः अमाइन नावाच्या द्रव्यांचा, आणि ती आम्लाने मरतात. लिंबाच्या फोडीत सायट्रिक आम्ल आहे म्हणून ती चालते. चिंचेचा कोळ चालतो, भिजवलेलं आमसूलही चालतं. सुगंधी तेलात आम्ल नाहीच, ते नुसता दुसरा वास वर चढवतं. बांगडे साफ करून झाले की लिंबाची फोड किंवा आमसुलाचं पाणी चोळा, मग साबणाने धुवा. साबण विसरू नका, कारण प्रश्न ७.

१०. सिट्रोनेला लावला की डास चावत नाहीत ना?

थोडा वेळ. सिट्रोनेलाचं तेल चटकन उडून जातं आणि त्याचा असर बहुधा तास-दोन तासांतच संपतो, घाम आला तर त्याहूनही लवकर. संध्याकाळी अंगणात बसायला ठीक. पण पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नका: मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम. घराभोवतीच्या करवंट्या, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी ओतून टाकल्याने जे होतं ते कुठल्याही बाटलीने होत नाही.

लेमन निलगिरीबद्दल एक गोंधळ हमखास होतो. तिच्यापासून तयार केलेलं पीएमडी नावाचं द्रव्य डासांवर खरोखर टिकाऊ आहे आणि अमेरिकेतली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी त्याची शिफारस करते, तीन वर्षांखालची मुलं सोडून. पण बाटलीतलं साधं लेमन निलगिरीचं तेल म्हणजे पीएमडी नव्हे. आणि सर्दीला हुंगतो ती निलगिरी तर वेगळंच झाड.

११. होमस्टेच्या खोल्यांत पाण्याचा डिफ्यूझर ठेवला तर चालेल?

जून ते सप्टेंबर तरी नको. भिंतींना आधीच ओल असते, गाद्या दमट असतात, त्यात पाण्याची वाफ सोडणारं यंत्र म्हणजे बुरशीला आमंत्रण. भाजलेल्या मातीची, रंग न दिलेली पणती घ्या किंवा जांभ्याचा मुठीएवढा तुकडा. दोन्ही सच्छिद्र असल्याने तेल पितात आणि हळूहळू वास सोडतात. चार-पाच थेंब पुरतात. वॉर्निश केलेल्या लाकडावर ते थेट ठेवू नका, खाली बशी हवी.

पाहुणा येण्याआधी अर्धा तास खोलीत वास करा, मग पणती उचला आणि खिडकी उघडा. पाहुण्याला दमा आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. रात्रभर बंद खोलीत, एसीमध्ये, डिफ्यूझर चालू ठेवू नका.

१२. घरात बाळ आहे, सून गरोदर आहे, मांजरही आहे. काय वापरावं?

दोन वर्षांखालच्या बाळाच्या अंगाला सुगंधी तेल लावू नका, नुसतं खोबरेल छान आहे. त्यापुढे लहान मुलांना संत्र्यासारखं सौम्य तेल अर्ध्या टक्क्यापर्यंत. गरोदरपणी खोलीत थोडा वेळ संत्र्याचा वास बहुधा बाधत नाही, उलट मळमळीत बरा वाटतो. अंगाला लावायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि गवती चहाचं तेल टाळाच. दम्याच्या माणसाला कोणताही वास त्रास देऊ शकतो. त्याने नको म्हटलं की बंद.

मांजराचं वेगळं आहे. तिचं यकृत ही द्रव्यं आपल्यासारखी निपटू शकत नाही, आणि तेल अंगावर पडलं की ती ते चाटते. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पिसवांवर लिंबाचं किंवा संत्र्याचं तेल चोळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खोलीत वास करायचा असेल तर मांजराला बाहेर पडायला दार उघडं हवं. पिंजऱ्यातल्या पोपटाजवळ तर काहीच नको.

मुलाने तेल प्यायलं तर उलटी करवू नका. उलटी होताना तेल फुप्फुसात गेलं तर मोठं संकट. बाटली बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना, किंवा १०८ ला फोन. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. संत्र्याच्या तेलाला गोळीसारखा गोड वास येतो, मुलं त्यानेच फसतात. बाटल्या कुलपात ठेवा, फ्रीजच्या दारात नको.

१३. तेल किती दिवस टिकतं? आमच्याकडे दमट हवा आहे.

सालीची तेलं सर्वांत लवकर शिळी होतात. हवा लागली की लिमोनीनचं हायड्रोपेरॉक्साइड बनतं, आणि कातडीला अॅलर्जी देतं ते हेच. ताजं लिमोनीन त्यामानाने गरीब. बाटली उघडल्यापासून वर्षभरात संपवा. गडद काचेची, घट्ट झाकणाची बाटली, फ्रीजमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा डब्यात. तेल निम्म्यावर आलं की छोट्या बाटलीत ओता, म्हणजे आत हवा उरत नाही.

फ्रीजमध्ये लेमनचं तेल गढूळ दिसतं, कधी तळाला मेणासारखा साका बसतो. ते खराब झालेलं नाही. खराब झालेलं ओळखायचं ते वासावरून: फळाचा ताजेपणा जातो, टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो, झाकणाच्या आट्यांना चिकट थर जमतो. असं तेल अंगाला लावायचं नाही. विहिरीजवळ, व्हाळात किंवा मोरीतही ओतायचं नाही. लिमोनीन पाण्यातल्या जिवांना घातक आहे. रद्दी कागदात किंवा वाळूत जिरवा, आगीपासून लांब, उघड्यावर उडून जाऊ द्या आणि मग कचऱ्यात टाका.

१४. प्लास्टिकच्या बाटलीत भरून विकलं तर?

शुद्ध तेल नको. थर्माकोलच्या तुकड्यावर संत्र्याच्या तेलाचा एक थेंब टाकून बघा: काही क्षणांत थेंबाखाली खड्डा पडतो आणि त्याच्या कडा बोटाला चिकटतात. ड्रॉपरच्या रबरी टोपीलाही हे तेल फुगवतं, म्हणून ड्रॉपर लावून बाटली साठवू नका.

दुसरी गोष्ट आगीची. संत्र्याची साल निरांजनाजवळ दुमडली की तडतड ठिणग्या उडतात, हा खेळ लहानपणी सगळ्यांनी केलेला असतो. बाटलीत तेच तेल, कितीतरी जास्त. त्याची वाफ साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेऊ शकते, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत तेवढी उष्णता सहज होते. बाटल्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात तेलं ओतायला बसू नका.

१५. साबणात संत्र्याचा वास महिनाभरातच उडतो. काय करू?

संत्र्याचं तेल हलकं आहे, ते उडणारच. थोडं मे चांग मिसळलं तर वास धरून राहतो. चीनमध्ये होणाऱ्या या झाडाच्या बारक्या फळांच्या तेलातही सिट्राल भरपूर असतं. गवती चहाचं तेलही टिकतं, फक्त वडीला पिवळसर झाक येते. सगळी मिळून सुगंधी तेलं साबणाच्या तेलाच्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत, त्यात सिट्रालवाली १ टक्क्याच्या आत. वड्या सुकवताना उन्हात ठेवू नका.

१६. घरीच सालीपासून तेल काढता येईल का?

संत्र्याच्या साली खोबरेलात मुरवून वासाचं तेल होतं; ते छान असतं, पण ते सुगंधी तेल नव्हे आणि त्या नावाने विकू नका. साली आधी पूर्ण वाळवा. ओलसर राहिल्या तर तेलाला बुरशी येते. गवती चहा वाफेवर काढता येतो, पण ताज्या पातीच्या साधारण अर्धा टक्काच तेल मिळतं, म्हणजे एक किलो तेलाला दोनशे किलोच्या आसपास पात. प्रेशर कुकरला नळी जोडून हे करायचे व्हिडिओ फिरतात. नळी तुंबली तर कुकर फुटू शकतो. गटाने मिळून नीट ऊर्ध्वपातन यंत्र घ्या, नाहीतर विकत तेल घ्या.

१७. तिरफळालाही संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. त्याचं तेल साबणात घालू का?

नाक बरोबर सांगतंय. तिरफळ लिंबाच्याच कुळातलं, कढीपत्ता आणि बेलही त्याच कुळातले. पण एका कुळातलं म्हणून कातडीला चालेलच असं नाही. तिरफळ जिभेला मुंग्या आणतं हे बांगड्याचं तिखलं खाणाऱ्याला सांगायला नको. लेमन-संत्र्याच्या तेलांची जशी मर्यादा ठरलेली आहे तशी तिरफळाच्या तेलासाठी हाताशी नसताना ते गिऱ्हाईकाच्या अंगाला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिरफळं तिखल्यातच राहू देत.

१८. सासऱ्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. ग्रेपफ्रूट चालत नाही म्हणतात, मग तेलही नको का?

तो इशारा फळ आणि रस पोटात जाण्याबद्दल आहे. ग्रेपफ्रूटमधली फुरानोकुमारीनं आतड्यातल्या एका एन्झाइमला अडवतात, त्यामुळे सिमव्हास्टॅटिन, अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. खोलीत वास घेण्याशी याचा संबंध नाही. पण आपल्याकडे दुसरी गोष्ट लक्षात ठेवायला हवी: पपनसातही तीच द्रव्यं असतात. गणपतीत माटवीला (मूर्तीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला) बांधलेलं पपनस नंतर घरात फोडून खाल्लं जातं. सासऱ्यांच्या डॉक्टरांना पपनसाबद्दल चतुर्थीच्या आधीच विचारून ठेवा.

१९. बर्गमॉट ०.४ टक्के आणि लेमन २ टक्के, दोन्ही मर्यादेत ठेवून एकत्र घातलं तर चालेल ना?

नाही चालणार. दोघांचा भार एकाच कातडीवर पडतो, म्हणून मर्यादा वाटून घ्यायची. बर्गमॉट त्याच्या मर्यादेच्या निम्मं, म्हणजे ०.२ टक्के घातलंत, तर लेमनलाही निम्मीच जागा उरते, १ टक्का. तिसरं ग्रेपफ्रूट घालायचं तर पहिल्या दोघांतून आणखी कापा. एफसीएफ बर्गमॉट, गोड संत्रं किंवा वाफेवरचं लिंबू या वाटणीत धरायचं नाही. त्यांना प्रश्न ४ चं साधं प्रमाण लागू. आणि बाटलीवर काढायची पद्धत लिहिलेलीच नसेल, तर ते दाबून काढलेलं आहे असंच धरून हिशोब करा.